तिसऱ्या दिवसाचे दोन ढीग

शुक्र., ९ जाने.
वही, माफ कर. दिवाळीनंतर आजच उघडतेय. लिहिण्यासारखं खूप होतं, खात्रीचं काही नव्हतं. आज आहे, असं वाटतंय. पट्टेरी माशांची तीन दिवसांची पिल्लं, पापणीच्या केसाएवढी. शेपूट हलवणाऱ्या चेतापेशीला काचेच्या सुईतून थोडी वीज दिली की काही पेशी विजेचा एकच ठोका देऊन गप्प होतात, काही लागोपाठ देत राहतात. आलेखावर ठिपक्यांचे दोन स्वच्छ ढीग. एकाच वयात दोन जातींच्या पेशी! आणि आमच्या कॉलेजात. कोमलच्या पीएच.डी.चा पहिला निकाल. पुण्याच्या परिषदेत तीच मांडणार. विभागप्रमुख देवरे सरांना सांगूनही टाकलं. घाई झाली का?

सोम., १२
कोमल सायखेड्याहून पेढे घेऊन आली. "मॅडम, गेल्या बुधवारी वहिनीला मुलगा झाला. रविवारी बारसं. नाय म्हणायचं नाय." मी बोटं मोजली. बुध एक, गुरू दोन... रवी बरोबर बारा. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली.

मंगळ., १३
"मॅडम, रागावणार नसाल तर विचारते. पिल्लांचे दिवसपण तुम्ही बारशासारखेच मोजता का?"
हो. अंडी पडली तो दिवस पहिला. ती शून्यापासून मोजते. चोवीस तास भरले की एक. दोन वर्षं एका टेबलावर बसतो, कधी विचारलं नाही एकमेकींना.
तिनं प्रयोगाच्या वह्या पुढे केल्या. "गप्प बसणाऱ्या पेशी सगळ्या तुमच्या अक्षरातल्या आहेत."
म्हणजे माझी तिसऱ्या दिवसाची पिल्लं तिच्या दुसऱ्या दिवसाची. दोन जाती कसल्या! लहान नि मोठी, बस.
"कधी लक्षात आलं?"
"काल, पेढा देताना. एस.टी.त ठरवत होते, सांगू का नको."
लाज वाटली. पण जिना उतरताना, खरं लिहिते, छाती फुगली होती. हे तिला मी शिकवलं? नाही बहुतेक.

गुरु., १५
देवरे सरांना जाऊन चूक सांगितली. ते : "अहो, 'फेरतपासणीत आढळलं' एवढंच लिहा. कोणाची चूक, कशाला?"
अहवालात लिहिलं : वय मोजण्यातली चूक माझी, शोधली कोमलनं.
"मग मी पुण्याला काय मांडू?" कोमल.
उरलंय ते कदाचित जास्त मोलाचं. पिल्लू नुसतं वळवळायचं सोडून आपणहून पोहू लागतं, त्याच सुमारास पेशीला लागोपाठ ठोके जमतात. कदाचित. कारण माझ्या बरण्या खिडकीशी होत्या आणि गारठ्यानंही पिल्लं वाढीत मागे राहतात. चूक मोजणीची की थंडीचीही? पुन्हा सुरुवातीपासून, सगळ्या बरण्या एकाच उबेत. परिषदेआधी होईल?

रवि., १८
सायखेडा. बाळ बारा दिवसांचं. कोमलच्या हिशेबानं अकरा. तिच्या आईनं ओटी भरली. "पोरगी म्हणती, मॅडम चुकल्या अन् सरांपुढं सांगून आल्या. असं कोणी करतं व्हय?"
कोमलच म्हणाली, "आमच्या करतात."
पाळण्यात बाळानं एक लाथ झाडली. थांबलं. मग एकापाठोपाठ तीन-चार. आम्ही दोघींनी एकदमच मोजल्या.

उद्या : उजेड होताच मासे अंडी घालतात, म्हणून टाकीवरचा दिवा लागताच समोर बसणं, अंडी पडली की बरणीवर वेळ लिहिणं. दिवस नाही, वेळ.