कानबाईचे रोट आणि तुर्कस्तानची बस

आबा,

तुमची नात सध्या तुर्कस्तानात समुद्राच्या काठाकाठानं बसनं फिरते आहे, आणि मी बमरोलीच्या आमच्या स्वयंपाकघरात बसून तिच्यावर जळते आहे. हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आई लेकीवर जळते असं कुठं सांगायचं असतं का? ह्यांना सांगितलं तर म्हणतील, ॲसिडिटी झाली असेल, गोळी घे. म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तुम्ही आता कुणाजवळ बोलणार नाही.

तुम्ही शेवटचं पाहिलं तेव्हा ती सात वर्षांची होती. आता सव्वीस. घरी बसून कॉम्प्युटरवर कुठल्यातरी कंपनीचं काम करते. महिनाभराची सुटी घेतली, पाठीवर एक बोजा टाकला आणि मैत्रिणीबरोबर निघाली. इझ्मीर नावाच्या गावापर्यंत विमान, तिथून पुढं नुसत्या बस. रोज व्हिडिओ पाठवते. डोंगर सरळ समुद्रात उतरलेला, त्याच्या कडेनं चिंचोळा रस्ता, आणि खाली पाण्याचा असा निळा शेड की पांडेसऱ्याच्या तुमच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये कोणी तो रंग उतरवून दाखवला असता तर मालकानं त्याला चहा पाजला असता. कड्यांमध्ये जुन्या राजांची थडगी कोरलेली, त्यांना घरासारखे खांब आणि दारं. एका गावात दगडी पायऱ्यांचं हजारो वर्षांचं नाटकघर आहे, पायऱ्यांवर बसलं की समोर समुद्रच. मोठ्या बसमध्ये एक माणूस येऊन सगळ्यांच्या हातावर लिंबाच्या वासाचं पाणी ओततो, मग चहा देतो. छोट्या गाड्या हात दाखवला की कुठंही थांबतात. "मम्मी, एकदम आपली उधना-सचिनची शटल रिक्षा," असं ती सांगते आणि हसते.

मी खाली "छान" लिहिते आणि फोन पालथा ठेवते. मग पुन्हा उचलते. तो सगळा रस्ता मी नकाशात पाहून पाठ केलाय. फेथियेहून काशला जाताना समुद्र उजव्या हाताला येतो हे मला तिच्या आधी माहीत होतं. मी तिला तसं कळवलंही होतं, उजवीकडे बस म्हणून. ती डावीकडे बसली आणि झोपून गेली. झोपली, आबा. मैत्रिणीनं तिचा झोपलेला फोटो पाठवला, तोंड उघडं, आणि पलीकडच्या काचेत सगळं निळं. मला इतका राग आला की कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही आणि डाळीचं पिठलं झालं. ह्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

माझं दुखणं काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मी एकोणीस वर्षांची होते. गल्लीतल्या गुजराती शेजाऱ्यांनी श्रावणात लक्झरी बस ठरवली होती: सोमनाथ, पोरबंदर, द्वारका, सगळा रस्ता समुद्राजवळून. तुम्ही रात्रपाळी करून सकाळी आलात, मिलमध्ये लाल लॉट चालू होता म्हणून हात कोपरापर्यंत लाल, तशाच हातांनी कपबशी धरून म्हणालात, "जाय, पाही ये समुद्र." माझी जागा सांगून आलात. उधन्याच्या फुटपाथवरून निळी बॅगही आणलीत. एक चेन अडकायची तिची, मी त्यावर मेणबत्ती घासून ठेवली. आठ दिवस आधीच कपडे भरले होते.

आणि निघायच्या आदल्या दिवशी आई सुपात गहू घेऊन बसली आहे. त्याच रविवारी घरात कानबाई देवी बसणार. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू, त्याचे पुरण भरलेले रोट, आणि ते घरच्यांनीच संपवायचे, बाहेरच्याला कणसुद्धा नाही. तुमची मूठ पडते, काकांची पडते, धाकट्या भावाची पडते. तुम्ही दारात उभे आहात आणि माझ्याकडे न बघता बोलता, "कानबाई बसी राहिनी नी घरनी आंडेर गावंगावं फिरी? तुन्ही मायले हात कोन लावी?"

मी म्हटलं, "त्या सुपात माझी मूठ कुठं आहे, आबा?"

"जास्त बोलू नको," तुम्ही म्हणालात. एवढंच. मारलं नाहीत, ओरडला नाहीत. पुढचं जे केलंत ते मी अजून गिळलेलं नाही. "जागा वाया कसाले घालानी?" म्हणालात आणि माझ्या जागेवर भावाला पाठवलंत. ज्याची मूठ सुपात होती तो गेला आणि जिची नव्हती ती रोट लाटायला राहिली. त्याच्या वाटचे रोट झाकून ठेवा, असं वर आईला सांगितलंत. बॅगही माझीच. तो मंगळवारी परतला, तोंड रापलेलं, आणि झाकून ठेवलेले रोट खाता खाता द्वारकेच्या लाटा सांगत बसला. वाढत मीच होते. पंधरा दिवस तो समुद्र सांगत होता आणि पंधरा दिवस मला जेवण गेलं नाही.

तुम्हाला ते दिसलं असावं. पुढच्या सुटीला तुम्ही मला सिटी बसनं डुमसला नेलंत. ओहोटी लागलेली. काळी वाळू, चिखल, लांबवर करडं पाणी. "हाऊ बी समुद्रच शे," तुम्ही म्हणालात. भजी घेतलीत, मी खाल्ली नाहीत. तुम्ही पायजमा वर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात उभे आहात आणि मला हाक मारताय, "ये ना, पाय तरी भिजाड." मी म्हणते, चपला खराब होतील. परतताना म्हणालात, "लगीन व्हयनं का मंग फिरजो." लग्न झालं. सप्तशृंगीला दोनदा गेले, बाकी नंदुरबारकडची लग्नं आणि दहावे. ह्यांचा दोष नाही, ह्यांना घरातच बरं वाटतं.

आता खरं सांगायचं ते सांगते. परवा लेकीचा फोन आला. ती अंताल्याला पोचली होती आणि तीन दिवसांनंतरच्या विमानानं परत यायची होती, कारण ह्या रविवारी कानबाई. म्हणाली, "मम्मी, दहा दिवस अजून राहू? इथून पुढेपण बस जाते. ऑफिसनं हो म्हटलंय." पप्पांना आधी विचारलं होतं, ते म्हणाले होते, मम्मीले विचार. मी पोळपाट पुसत होते. तोंडातून निघालं, "कानबाई बसतेय आणि घरची पोरगी गावोगाव फिरणार? मला हात कोण लावेल?"

ती म्हणाली, "पण मम्मी, रोट तो मेरे नाम का होता ही नहीं ना?"

"जास्त बोलू नकोस," मी म्हटलं.

तिला लागलं की ती गुजरातीत शिरते. "सारुं, आवी जाउं छुं," येते म्हणाली आणि फोन ठेवला.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. गार पाणी प्यायल्यासारखं. मला हाताशी कुणी नको होतं, आबा. दळण चक्कीतून येतं, पुरण मिक्सरमध्ये होतं, दोन तासांचं काम. मला फक्त ती त्या बसमधून उतरायला हवी होती. देवीचं नाव घेऊन मी माझा हेवा पुढं केला, आणि बोलताना आवाज कुणाचा लागला तेही कळलं. तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. बारा-बारा तास वाफेत उभे राहायचात तुम्ही. त्या दिवशी सुपाजवळ उभं राहून तुम्हालाही माझ्या बसचा हेवा वाटला होता का? मग भावाला कसं पाठवलंत? मुलाचा हेवा वाटत नसेल बहुतेक. डुमसला पाण्यात उभे होतात तेव्हा विचारता आलं असतं, पण मी चपला सांभाळत बसले.

आज सकाळी रोटाचे गहू मोजले. ह्यांच्या नावाची मूठ, दिरांची, पुतण्यांची. लेकीच्या नावानं एक टाकावी असं क्षणभर आलं मनात. टाकली नाही. तेवढी मोठी मी नाही. सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि तिला लिहिलं: "दहा दिवस राहा. इथलं मी बघते." लिहून तासभर तसंच ठेवलं, एकदा पुसलं, पुन्हा लिहिलं, मग पाठवलं. लगेच तिचा फोन आला. ती रडत होती आणि मागं बसचा हॉर्न वाजत होता. मी "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

हा कागद कुठं टाकणार? रद्दीत जाईल, नाहीतर कपाटातल्या पेपरखाली राहील. एवढं लिहिलंय तर राहिलेलंही सांगून टाकते. फोन ठेवल्यावर मी तिला आणखी एक ओळ पाठवली, की आता फोटो नको पाठवूस, माझा फोन भरलाय. आबा, फोन भरलेला नाही.