तीनदा फोन, उत्तर नाही

१४ नोव्हेंबर, शनिवार दुपार
वसतिगृह, वरचा मजला

प्रिय आई,

नमस्कार. वर 'तीर्थरूप' मुद्दाम लिहिलेलं नाही. तसं लिहिलं की तुला लगेच वाटतं, हिला काहीतरी हवंय. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण तू 'ठणठणीत' म्हणून मोकळी होणार आणि जिन्यात कठडा धरून किती वेळ उभी होतीस ते मला शेजारच्या काकूंकडून कळणार.

फोनवर मी बोलत नाही, वर्ग घेते, म्हणून यापुढे पत्रच लिही असं तू बजावलंस. घे पत्र. पण वर्ग त्यातही होणार. दुखतो डावा गुडघा, तर काठी उजव्या हातात धरायची. इतकी वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून पेशंटना हे सांगून माझा घसा बसला आणि माझी सख्खी आई डाव्या हातात काठी घेऊन बाजारात जाते. हातातली कला सोडून मी या वयात पुन्हा शिकायला आले, त्याचा राग तू काठीवर काढतेस असा मला दाट संशय आहे.

इथलं म्हणशील तर डोकं पिकलंय. कोर्सचं नाव आरोग्य धोरण आणि रुग्णालय व्यवस्थापन. तू काकूंना 'दवाखान्याची मॅनेजर होणार' असं सांगतेस ना, तेवढं पुरे. प्रकल्पातला माझा जोडीदार दंतवैद्य आहे. दात सोडून इकडे का आलास म्हटलं तर म्हणतो, लोकांची तोंडं बघून कंटाळलो. आता त्याला फक्त आलेख बघायला आवडतात. मेसच्या रांगेत उभा राहिला तरी ताट राहतं बाजूला, हा रांगेचं गणित मांडतो. आणि आमच्या मार्गदर्शक बाई. काहीही सांगा, त्यांचा एकच प्रश्न, "पुरावा?" परवा मी म्हटलं, खोलीतला पंखा बिघडलाय, झोप होत नाही. त्यावरही तेच. मी डोळ्यांखालची वर्तुळं दाखवली.

तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं काय झालं ते तू विचारलंस. त्यावर येते. आधी पंख्याचं सांगते. इलेक्ट्रिशियन आला, वर बघितलं, खाली बघितलं आणि मोठी शिडी आणतो म्हणून गेला तो गेलाच. आता उशाशी टेबलफॅन आहे, त्याने कागद उडतात, म्हणून त्यावर चप्पल ठेवून लिहितेय.

बरं. ऑपरेशन.

तू लिहिलंस की मोठ्या दवाखान्यात चौकशीला गेलीस आणि त्यांनी सांगितलं, तुमचं नाव यादीत नाही, पुन्हा नव्याने नोंदवा. म्हणजे पुन्हा सगळ्यात शेवटी. वर लिहिलंस, 'त्यांचीही काहीतरी अडचण असेल.' आई, तुझ्या या समजूतदारपणाचा मला वैताग येतो. वर्षभर दुखणं काढलेल्या बाईला यादीतून काढून टाकतात आणि ती त्यांच्या अडचणी समजून घेते. मी तिथल्या तिथे हाडांच्या विभागात फोन लावला. भांडायच्या तयारीने, कंबर कसून. असा कसा तुमचा कारभार, पेशंट म्हणजे काय भाजी वाटली का निवडून फेकायला, असं बरंच बोलले. पलीकडच्या क्लार्कने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तीनदा फोन केला, उत्तर नाही. नियमाप्रमाणे नाव कमी केलं."

मी विचारलं, "कुणी केला हा नियम?"

"मॅडम, तुम्हीच की. उन्हाळ्यात इथेच बसायचात ना तुम्ही, त्या दातांच्या डॉक्टरसाहेबांबरोबर."

आता सरळ सांगते. उन्हाळ्यात प्रकल्पासाठी घरी आले होते, रोज तुझा डबा घेऊन त्या दवाखान्यात जात होते, ते याच यादीचं काम होतं. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या ऑपरेशनची यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढलेली. त्यात कुणी वारलेले, कुणी दुसरीकडे करून घेतलेले. तारीख द्यावी, सगळी तयारी व्हावी आणि पेशंटचा पत्ताच नाही, असं सारखं व्हायचं. मग आम्ही सुचवलं की प्रत्येकाला फोन करा. तीनदा उचलला नाही की नाव काढा. आम्ही इकडे परतल्यावर त्यांनी ते केलं आणि यादी जवळजवळ निम्मी झाली. दंतवैद्याचा आलेख घसरगुंडीसारखा खाली आला. दवाखान्याचे अधीक्षक खूश, बाईसुद्धा खूश. तू जिन्यातल्या प्रत्येकाला गाठून सांगितलंस, माझ्या लेकीने रांग कमी केली.

नावं आम्हाला दिसतच नव्हती गं. पेशंटची ओळख झाकूनच अभ्यास करायचा, अशी संशोधनाच्या नैतिकता समितीची अट असते आणि ती योग्यच आहे. आमच्यासमोर नुसते नोंदणी क्रमांक. तूही 'ओळख लावायची नाही' म्हणून आपला क्रमांक कधी सांगितला नाहीस. मला रोज डबा भरून देत होतीस आणि मी दिवसभर ज्या आकड्यांवर रेघा मारायच्या गोष्टी करत होते, त्यातला एक आकडा तू होतीस.

आणि ते फोन. काकूंना त्या भामट्याने बँकेतून बोलतोय म्हणून गंडवलं, तेव्हा तुला ओरडून ओरडून कुणी सांगितलं की अनोळखी नंबर अजिबात उचलायचा नाही? मीच. मग तू मला मोठ्या ऐटीत सांगायचीस, "आज परत त्या चोरट्यांचा फोन आला होता, कापला." तीनदा सांगितलंस. तिन्ही वेळा मी शाब्बास म्हटलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण क्लार्ककडून कळलं असावं, अधीक्षकांचा स्वतःहून फोन आला. "आईंचं नाव जुन्या जागी टाकून देतो, त्यात काय एवढं, घरचंच माणूस." यादी आता आखूड, म्हणजे पुढच्याच महिन्यात तुझा नंबर. मी म्हटलं, "थँक यू सर." खोटं कशाला सांगू, खूप हलकं वाटलं. पोटभर जेवले.

मग ताट ठेवताना मनात आलं. तुझ्यासारखी अजून किती असतील? मी क्लार्कच्या मागे लागून काढलेल्यांपैकी काहींना फोन लावून घेतले. दोघं खरंच वारलेले, एकाचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे नियम अगदीच खुळा नव्हता, आणि त्याचाच जास्त राग येतो. पण एका गृहस्थांचा फोन दिवसभर मुलाच्या खिशात असतो. आणि एक आजी, भाचीचा फोन समजून चुकून उचलला, त्यांनी क्लार्कला फैलावर घेतलं. "माझ्या मुलीने बजावलंय, अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. तू कोण रे?" क्लार्कने ते मला हसत हसत सांगितलं. मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेले आणि म्हटलं, आपली यादी कमी झाली ती माणसं बरी होऊन नाही, नुसती गळून. त्यांनी विचारलं, "पुरावा?" मी म्हटलं, "माझी आई." बाईंनी वही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "एकीने भागणार नाही. बाकीच्यांना शोधा." दंतवैद्य मात्र भडकला. "अहवालात शेवटी एक ओळ टाकू की, त्रुटी म्हणून. एका आईसाठी सगळं मुसळ केरात घालणार का?" दोन दिवस बोलला नाही. काल आपणहून आला, तोंड पाडून, आणि आलेखाची रेघ पुन्हा वर चढवायला बसला.

तर दवाखान्याशी बोलून ठरलंय असं. काढलेली सगळी नावं आपापल्या जुन्या जागी परत. सगळ्यांना नव्याने फोन, तेही संध्याकाळी, घरात माणसं असताना. आमची पदवी एक सत्र पुढे गेली, त्याचं मला काही नाही. अधीक्षकांना मी नको म्हणून कळवलं. तू परत आलीस, पण तुझ्या पुढचेही सगळे परत आले. तुझा नंबर आता पुढचा उन्हाळा उलटल्यावर. तुझं दुखणं मी दोनदा लांबवलं, आई. एकदा न बघता आणि एकदा बघून. दुसऱ्यांदा, नव्या प्रस्तावावर सही करताना मला तुझा जिना दिसत होता. बाकीच्यांचे जिनेही दिसत होते, पण रडू तुझ्यासाठी आलं.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू 'असू दे गं' म्हणून मला गप्प केलं असतंस. असू देऊ नकोस. राग आला तर येऊ दे.

पुढच्या आठवड्यात येतेय. घरीच राहीन, डबा दे. संध्याकाळी दवाखान्यात बसून क्रमाने फोन करत जाईन. तुझा क्रमांक आला की तुलाही तिथूनच करीन, रात्री घरी येऊन ताटावर सांगणार नाही. नंबर तुझ्या ओळखीचा नसेल. मी नाव विचारीन, ऑपरेशन अजून हवंय का ते विचारीन. माझ्यावर चिडली असशील तर खुशाल काप. मी दुसऱ्यांदा करीन, तिसऱ्यांदा करीन. चौथ्यांदाही करीन. तो नियम आम्ही आता काढलाय.

काठी उजव्या हातात.

तुझीच,
अनोळखी नंबरवरून बोलणारी
लेक