माझ्याच दुकानातल्या डझनभर बांगड्या

मी, जहांगीर वल्द हुसेन मणियार, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा बांगड्यांचे दुकान, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणी भरीस न घालता लिहून ठेवतो. माझे डोके शाबूत आहे. गळा शाबूत नाही. आत गाठ आहे, ती येत्या बुधवारी मुंबईला काढणार आहेत, आणि पुढे आवाज राहील असे डॉक्टर काही केल्या म्हणत नाहीत. म्हणून ही घाई.

कलम १. घर आणि दुकान यांबद्दल मी काही लिहीत नाही. पत्नी हुस्नबानो आणि मुलगा असलम यांचे हिस्से शरीअतीने ठरलेले आहेत. मृत्युपत्राने मला एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही, आणि खाली देतो आहे ते सामान तेवढेही भरणार नाही. असलमने दुकान चालवावे. बांगडी चढवताना गिऱ्हाइकाशी बोलत राहावे. आपण गप्प बसलो की बाई हात आखडते आणि बांगडी फुटते.

कलम २. एकोणीस वर्षे मी नवजवान फुटबॉल संघाचा व्यवस्थापक होतो. कोण खेळणार हे मी ठरवायचो. संघाच्या दोन जाळ्या, शिट्टी आणि पंप माझ्या माळ्यावर आहेत, ते संघाला द्यावेत. पंपाचा वायसर गेला आहे. मैदानावरची माझी लोखंडी खुर्ची इंदरचंद शेठ यांना द्यावी. आपण हरलो की ते मागून ओरडायचे, "मणियार, तुझ्यापेक्षा ती खुर्ची बरी." आता त्यांनी तिच्यावर बसून संघ निवडावा.

लोक मला जाड कातडीचा समजत. हत्ती चालतो, कुत्री भुंकतात, असे मी चारचौघांत म्हणायचो. खरे ते नव्हते. धुळ्याच्या लोकांनी शिव्या दिल्या तर मला रात्री झोप लागायची, आपल्या लोकांनी दिल्या की घास उतरायचा नाही. आणि ते ज्याच्या नावाने ओरडत, त्याला पुढच्या सामन्यात मी गुपचूप उतरवायचो किंवा बसवायचो. हा माझा कारभार.

कलम ३. माझी सायकल कौतिक यास द्यावी. तो आमचा दुसरा गोलरक्षक. १९६१ साली आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो केली, म्हणून मी त्याला बसवून ठेवला. त्याची चूक काही नव्हती.

कलम ४. कपाटात वरच्या खणात पत्र्याचा डबा आहे. त्यात परक्या बाईची पत्रे आहेत असा हुस्नबानोचा अकरा वर्षांचा संशय. तिने तो आता उघडावा. आत हिरव्या काचेच्या बारा बांगड्या आहेत. त्या मगन बारी यांना परत द्याव्यात. माल त्यांचा आहे.

कलम ५. त्या बांगड्यांची हकिकत अशी. १९६१ साली धुळ्याला अंतिम सामना होता. आपले लोक दोन ट्रक भरून आले होते. आमचा पहिला गोलरक्षक भटू बोरसे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. दोन दिवस आधी गोणीखाली त्याचे बोट चेंगरले होते. सकाळी तो मला म्हणाला, "नाना, बोट वाकत नही. कौतिकले उतारा." मी म्हटले, "पट्टी बांध आणि उभा राहा." कौतिकला उतरवला आणि हरलो, तर लोक मला फाडून खातील, एवढेच माझ्या डोक्यात होते.

आम्ही एका गोलने हरलो. चेंडू भटूच्या हातातून निसटला. पानदुकानवाला मगन बारी आपल्या लोकांचा म्होरक्या, तो मैदानात धावत आला. त्याने पट्टी पाहिली आणि मला विचारले, "नाना, बोट दुखत होतं तर याला उतरवलं कोणी?"

मी म्हणालो, "त्याने मला सांगितलंच नाही."

भटू दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि खाली बसून पट्टी सोडायला लागला. सगळे त्याच्यावर तुटून पडले आणि मी खुर्ची घडी करून ट्रककडे गेलो.

दुसऱ्या दिवशी मगन माझ्या दुकानात आला. त्याला डझनभर हिरव्या बांगड्या हव्या होत्या. सवयीने मी माप विचारले. "पुरुषाच्या हाताचं," तो म्हणाला. हरलेल्याला बांगड्या पाठवायची रीत मला ठाऊक होती, आणि त्या कोणाकडे जाणार हेही. मी सगळ्यांत मोठे माप काढले, फुटू नयेत म्हणून कागदात नीट गुंडाळले आणि दिले.

तिसऱ्या दिवशी भटूची आई बेबाबाई ती पुडी घेऊन आली. कपाळ आणि हात दोन्ही मोकळे. पुडी गल्ल्यावर ठेवून म्हणाली, "भाऊ, ह्या तुमनाच दुकानन्या शेतस. मना घरमा घालनारं कोनी नही." मी मान वर केली नाही. त्याच महिन्यात भटू गाव सोडून गेला. पुन्हा चेंडूला त्याने हात लावला नाही.

दोन वर्षांपूर्वी मी दोंडाईच्याला गेलो. तो तिथे स्टेशनवर हमाल आहे. मी त्याला सगळे बोललो, रडलोही. त्याने डोक्यावरचे ओझे आधी खाली ठेवले. म्हणाला, "नाना, हाई माले सांगीसन काय फायदा? मी तठेच उभा व्हतू. माय गयी, तिले बी मी सांगेल नव्हतं. जेसले माहित नही, तेसले सांगा." आणि चहा पाजला.

परत आल्यावर लोकांना सांगायचे असे दर शुक्रवारी ठरवायचो आणि दर शनिवारी टाळायचो. आजही लोक मला रस्त्यात थांबून सलाम करतात. त्या सलामाची मला लाज वाटते आणि तो सोडवतही नाही.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सामन्याआधी मगन बारी यांनी कलम ५ भोंग्यावर मोठ्याने वाचावे. मेलेल्याची कोणी हुर्यो करत नाही, हे जाणूनच मी असे लिहीत आहे.

हे मी पूर्ण शुद्धीत लिहिले, साक्षीदारांना वाचायला दिले आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण : जळगाव
गुरुवार, दिनांक १६ नोव्हेंबर १९७२
सही : जहांगीर हुसेन मणियार

साक्षीदार
१. कौतिक धनगर. सायकल नको. बाकी कबूल.
२. मगन रूपचंद बारी. सहीआधी सर्व वाचले. बांगड्या मी नेल्या होत्या, ते खरे. कलम ६ मी पाळणार नाही. येत्या रविवारी दुष्काळनिधीचा सामना आहे, भोंगा लागणारच आहे. नानांनी स्वतः वाचावे. लोक ओरडले तर मी शेजारी उभा राहीन.

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच हाताने : कलम ६ रद्द. रविवारी मी वाचतो, आवाज निघेल तेवढा. भटूला तार केली आहे, तो येईल असे वाटत नाही. कलम ४ मधल्या बांगड्याही मगनला देऊ नयेत, त्या मी मैदानावर घालून जाणार आहे. आत्ताच डबा उघडून माप पाहिले. माझ्या हाताला बरोबर बसतात.

ज. हु. मणियार