कमरेचा दोर

मु. सावरदरा,
माघ वद्य तृतीया, शके १८४१

चिरंजीव सुग्रीवभावजी यांस बायनावहिनीचा आशीर्वाद. इकडे मी आणि म्हैस दोघी बऱ्या आहोत. वडवणीला तुम्ही, जाऊबाई आणि लेकरं सुखात असाल. हरभऱ्याला घाटे चांगले लागलेत. अक्षर हललेलं दिसेल. वारा आहे, समजून घ्या.

मैनुद्दीनभाई बागवानांनी तुमचा निरोप सांगितला. देशमुखांच्या पाहुण्यासाठी मचाण बांधायला तुम्ही येणार, म्हणे. बंकटराव कारभारी माझ्याही दारात येऊन गेला. "सुग्रीव न्हाई आला तर चाकरीची जमीन गेली समज," म्हणाला. जाता जाता आणखी म्हणाला, "दोर तुमच्याच घरचा लागतो. पाव्हण्या सायबांनी आठवणीनं सांगितलंय."

तुमचे भाऊ झाडावर कसे चढायचे, ते तुम्ही पाहिलं आहे. दोन्ही हात मोकळे. कुऱ्हाड, बंदूक, पाण्याची सुरई, सगळं मागाहून दोरीनं वर ओढून घ्यायचे. दव वाळल्याशिवाय सालीवर पाय ठेवायचे नाहीत. कमरेचा दोर खोडाला वेढा देऊन जमिनीवरच बांधायचे आणि उतरून पाय जमिनीला टेकले की मगच सोडायचे. मी हसायचे, म्हणायचे, "येवढं भ्याचं हाय तर चढता कावून?" ते म्हणायचे, "भ्यालो म्हणून तर रोज घरी येतो."

त्यांचा पाय घसरला, असं तुम्हाला सांगितलं होतं. घसरलाच. पण घरी आणलं तेव्हा कमरेला दोर नव्हता.

रान उठवणारा आप्पा हाकारी झाडाखाली होता. त्यानं ऐकलं. याच पाहुण्याला वर बसून भोवळ यायला लागली, तेव्हा पाहुणा यांना म्हणाला, "रस्सी मेरे कू दे. तेरे कू तो आदत है." यांनी दोर सोडून पाहुण्याच्या कमरेला बांधला. सकाळी दवातच उतरायला लावलं. तेराव्यानंतर दोर परत आला. त्याला अत्तराचा वास होता. तुम्ही तापट, देशमुखांच्या दारात जाल आणि मारले जाल, म्हणून मी गप्प राहिले.

भावजी, तुम्ही येऊ नका. मचाण बांधून झालं आहे. पाणवठ्याच्या त्याच अंजनाच्या झाडावर. मी बांधलं, आणि त्यावरच बसून हे लिहिते आहे.

सकाळी दव वाळल्यावर शिडी लावून चढले. वर आल्यावर शिडी ओढून घेतली. अर्धा गाव खाली जमला होता. बंकटरावाच्या तोंडाला तर फेस आला.

"बायनाबाई, लाज हाय का न्हाई? उतर खाली!"

"उतरते की. पाव्हणे मला बघून गेले की उतरते."

"आगं, पांढऱ्या कपाळाचं तोंड बघून शिकारीला कोण बसतंय?"

"म्हणूनच तर चढले, रावसाहेब. तुमी बी लई वर बघू नका."

पोरं हसली. आमिषाला बांधलेली शेळीसुद्धा ओरडली. कुणाला वर पाठवावं तर माझ्या अंगाला हात लावायला कुणी धजत नाही. गेलं वर्षभर ज्या कपाळामुळे लोकांनी मला दारातून माघारी फिरवलं, तेच आज कामाला आलं.

पाहुणा दिवस कलताना येईल. येताच त्याला मचाणावर मी दिसले पाहिजे. म्हणजे या पाणवठ्यावर तो पुन्हा बसायचा नाही आणि आपल्या घरातलं माणूस मागायचा नाही. जमीन जाईल. जाऊ द्या. मला आता इकडे आड, तिकडे झाडच आहे. वर जागा एका घोंगडीएवढी. पाय आखडलेत. खाली पाहिलं की ते पडले ती दगडाची शिळा दिसते, म्हणून फार पाहत नाही.

मैनुद्दीनभाई खाली उभे आहेत, बंकटराव डोळे वटारतो तरी. पत्र दगडाला गुंडाळून त्यांच्याकडे टाकते. मला न्यायला येऊ नका. आलात तर बंकटराव तुम्हालाच वर चढवील. उतरायचं माझं मी बघीन. उन्हं असतील तर आज, नाहीतर उद्या दव वाळल्यावर.

भाऊ गेले, तुम्ही राहा.

जमिनीला पाय टेकेपर्यंत दोर न सोडणारी,
तुमची वहिनी
बायना