सामाईक हौद

९ सप्टेंबर, मंगळवार
रॅकेटचं चार्जिंग संपलं, डास संपले नाहीत. उरलेले हातानं मारले. भिंतीला डाग पडले म्हणून हे ओरडले. पडू देत. एकेक डाग बघितला की मला जेवण गोड लागतं.

ओवीच्या दंडावर आज परत एक फोड. गेल्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला, तेव्हा बेळगावच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होते. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्यांदा झाला तर जास्त जड जाऊ शकतो. जपा." चार वर्षांची पोर. कसं जपायचं ते मी ठरवलंय. या घरात एक डास जिवंत ठेवायचा नाही.

येतात कुठून, तेही माहीत आहे. भिंतीपलीकडून. मोठ्या जाऊबाईंकडून. (इथून पुढं मो. जा. पूर्वी आक्का म्हणायचे, आता पूर्ण नाव लिहून शाई घालवणार नाही.)

११ सप्टें.
दिवेलागणीला मो. जा. गोठ्यात शेण्या आणि कडुलिंबाचा पाला पेटवते. म्हैस सुखात. आणि तिकडचे डास उठून सगळे आमच्या सोप्यात. वाराही नेमका इकडचाच. ओवीला धुरानं दम लागतो हे तिला ठाऊक नाही असं नाही. वाटणीच्या आधी ओवीला रात्र रात्र मांडीवर घेऊन बसलेली बाई आहे ती.

आज वारा फिरला. मग मीही परसात पेटवलं. तिचे डास तिला साभार परत. थोड्या वेळानं म्हैस ओरडायला लागली, तेव्हा कुठं समाधान झालं.

पण ओवी खोकली. हे म्हणाले, "डास मारतीयास का पोरगी?"

१३ सप्टें.
धुरात आता तंबाखूचा चुरा! निपाणीच्या वखारीतून पोतं आणलेलं दिसतंय. डोळ्यांतून नुसती धार. ओवीला उलटी झाली.

भिंतीजवळ जाऊन, तिला ऐकू जाईल असं ह्यांना म्हटलं, "काही लोकांना माणसापरास म्हस प्यारी."
पलीकडून थोरल्या दिरांना उद्देशून उत्तर आलं, "म्हस दूध तर देती. काही लोकं नुसती तोंड चालवत्यात."
आम्ही दोघी असंच बोलतो. नवऱ्यांच्या पत्त्यावर.

धूर बंद. आमच्याकडचा. हरले म्हणून नाही, ओवीसाठी. आता दुसरी लढाई. बाजारातून नायलॉनची जाळी आणली आणि मशीनवर बसले. बायकांची ब्लाउजं पडून आहेत, नवरात्र तोंडावर आलंय म्हणून त्या बोंबलतायत. बोंबलू देत.

१५ सप्टें.
सगळ्या खिडक्यांना जाळी. दाराला पण, खाली वाळूची नळी शिवून, म्हणजे पडदा उडत नाही. पाण्याच्या बॅरलांना जुन्या साड्या दुहेरी बांधल्या. ओवीला पूर्ण बाह्यांचा फ्रॉक. कॉइल लावायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून पलंगाला मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचून. उकाडा मरणाचा, पण पंखा आहे. आता आमच्या घरात यायचं तर डासाला आधार कार्ड दाखवावं लागेल.

आज म्हाळ. एकाच सासऱ्यांचे दोन म्हाळ, एका भिंतीच्या दोन बाजूंना. कावळा आधी तिच्या पानाला शिवला. त्याचाही राग आला.

दुपारी मो. जा.ची सानिका भिंतीवर कोपरं टेकून उभी. सहावीत आहे. ओवीचा तिच्यावर जीव. वाटीतनं खीर देत होती. मी बघून न बघितल्यासारखं केलं. पोरीशी माझं भांडण नाही. नाक तेवढं आईचं आहे.

१७ सप्टें.
आज भारती आली, आमच्या गल्लीची आशाताई. बॅटरी घेऊन सगळी भांडी तपासली. माझं घर बघून म्हणाली, "वयनी, एक नंबर." छाती फुगली. मो. जा. दारात उभी राहून ऐकत होती, म्हणून जास्तच.

मग भारती हौदाकडं गेली.

हौद दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीतच बांधलेला. अर्धा इकडं, अर्धा तिकडं. पूर्वी जनावरं प्यायची. वाटणीच्या कागदात पंचांनी लिहिलं, "हौद सामाईक." गेल्या दिवाळीत मी तो घासायला घेतला, तर मो. जा. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आज घासतीया, उद्या नावावर करून घेतील." त्या दिवशी शपथ घेतली, हौदाला बोट लावणार नाही. तीही लावत नाही. लावलं असतं तर मी हेच म्हटलं असतं. त्यामुळं पावसाचं पाणी वर्षभर तसंच.

भारतीनं आत उजेड टाकला. नुसत्या अळ्या. खालीवर, खालीवर.
"ह्यो हौद कुणाचा?"
मी आणि मो. जा. एकदम, "तिचा!"
भारतीनं बॅटरी विझवली. "दोघींचा न्हाय, तर मग पाडून टाकूया की."
दोघी एकदम, "न्हाय!"

वर ती आणखी एक सांगून गेली. "आणि धूर कशाला गं करताय? डेंग्यूचा डास दिवसा चावतोय. सांजच्या धुरानं त्याचं काय वाकडं होतंय? उद्याच्याला हौद रिता करा."

म्हणजे एवढ्या दिवसांचं युद्ध चुकीच्या शत्रूशी. आणि खरा शत्रू आमच्या दोघींच्या नावावर.

१८ सप्टें.
रिता केला नाही. तिनंही नाही. ती करते का बघायला मी खिडकीशी उभी. ती तिच्या खिडकीशी.

हे म्हणाले, मी करतो. "हात लावून बघा," म्हटलं.

२१ सप्टें., सर्वपित्री
उद्या घट. सगळं घर धुतलं. गोधड्या, पाट, डबे, देव्हारा. हौद सोडून.
तिकडंही तेच. गोठासुद्धा धुतला बाईनं.

२४ सप्टें.
सानिकाला ताप. परवापासून आहे म्हणे, आज निपाणीला रक्त तपासलं. डेंग्यू.

पहिल्यांदा काय वाटलं ते लिहून ठेवते, दुसरं कुणी वाचणार नाही. वाटलं, भोग आता. तुझ्या धुराचे, तुझ्या जिभेचे. अगदी बरं वाटलं. चहा केला आणि बसून प्यायले.
कप खाली ठेवताना लक्षात आलं की भोगतेय ती सहावीतली पोर. मग मात्र

(हे आले. नंतर.)

२५ सप्टें.
भारती सकाळीच आली, गंभीर होती. आधी तिकडं, मग माझ्याकडं.
"वयनी, नीट ऐका. तापातल्या पोरीला जो डास चावंल, त्यो पुढं आठ-दहा दिसांनी दुसऱ्याला द्यायला लागतोय. सानिकाला आत्ता दिवसा पण मच्छरदाणीतच ठिवाय पायजे. त्यांच्यात मच्छरदाणी न्हाय. आणि तुमच्या ओवीला आदीच एकदा होऊन गेलाय."

पुढचं मला कळलं. मी माझ्या घराला कितीही जाळ्या ठोकल्या तरी पोर अंगणात जाणारच. माझ्या पोरीचा जीव आता त्या बाईच्या पलंगावर अवलंबून. याच्याएवढा अपमान सासरी आल्यापासून झाला नव्हता.

ब्लाउजं बाजूला. दिवसभर मशीन. उरलेली जाळी, चारी बाजूंनी खोचायला जुन्या सुती साडीची रुंद पट्टी, वर चार बंद. एवढ्या रागानं कधी काही शिवलं नव्हतं. शिवण मात्र सरळ आली.
संध्याकाळी घडी करून भिंतीवर ठेवली.

२६ सप्टें.
सकाळी घडी माझ्या बाजूच्या भिंतीवर. जशीच्या तशी.

कपाळात रागाची कळ गेली. जाळी काखेत मारली आणि वाटणीनंतर पहिल्यांदा तिचा उंबरा ओलांडला. सानिका आत कण्हत पडलेली, डोळे लाल, उघड्या पलंगावर. मो. जा. मध्ये आडवी.

"माज्या पोरीला पिंजऱ्यात घालाय आलीस व्हय? दया दाखवाय आलीस? मी काय मेलो न्हाय अजून."

नवऱ्यांचा पत्ता राहिला बाजूला. मीही तोंडावर सांगितलं, "दया गेली खड्ड्यात. तुझ्या पोरीसाठी न्हाय आणली. माझ्या पोरीसाठी आणलीया. तुझीला चावलेला डास माझीकडं येऊ नये म्हणून. कळलं?"

तिचं तोंड हळूहळू सैल झालं.
"मग आसं सांग की. बांध. उपकार नकोत मला."

खुंटीला दोन बंद तिनं बांधले, खिडकीच्या गजाला दोन मी. पट्टी गादीखाली तिनं खोचली. एका जागी सैल राहिली होती, ती मी परत खोचली. तिनं बघितलं. ताप आलाय म्हणून दिलेली गोळी साधी पॅरासिटामॉलच आहे ना, तेवढं विचारलं. "व्हय," म्हणाली.

२७ सप्टें.
सकाळी बादलीचा आवाज. बघते तर मो. जा. तिच्या बाजूनं हौद उपसतेय. मी पण बादली घेतली, माझ्या बाजूनं. पाणी उन्हात रस्त्यावर ओतलं. अळ्या मातीवर वळवळल्या आणि सुकल्या. मी उभी राहून शेवटपर्यंत बघितल्या. तीही.

मग घासणी. ती तिची अर्धी बाजू घासत आली, मी माझी. मध्ये वीतभर शेवाळाची पट्टी राहिली. दोघींनी ती तशीच ठेवली. एवढ्यात काय लगेच.

सानिकाचा ताप किंचित उतरलाय. भारती म्हणते, ताप उतरल्यावरच जास्त लक्ष ठेवायचं. पोट दुखलं, रक्त दिसलं तर सरळ बेळगाव.

२९ सप्टें.
जमेल तसं लिहिते.

दुपारी मशीनवर होते. ओवीला जेवू घालून मच्छरदाणीत निजवलं होतं. बॉबिन बदलायला उठले तर पलंग मोकळा. जाळीचा कोपरा वर उचललेला. परसात नाही, रस्त्यावर नाही. तशीच अनवाणी मो. जा.च्या घरात.

सानिकाच्या मच्छरदाणीत दोघी. सानिका गाढ झोपलेली, ओवी तिच्या पोटावर पाय टाकून. पट्टी आतून व्यवस्थित खोचलेली. मी शिकवलंय तसं.

आणि आत, वरच्या कोपऱ्यात, एक. काळा, पायांवर पांढरे पट्टे. पोट फुगून लाल झालेलं. बसला होता निवांत, जाळीनंच त्याला सांभाळल्यासारखा.

हात आत घातला. सुटू दिला नाही. आयुष्यात एवढ्या सुडानं काही मारलं नसेल.
तळहातावर रक्त. बरंच.

मागं मो. जा. दुधाची चरवी घेऊन उभी. तिनं माझा हात धरला, उजेडाकडं वळवला.
"कुणाचं गं हे?"


दोघींनी मिळून दोघी पोरींचे हात-पाय, मान, कानामागं, सगळं तपासलं. दोघींच्या अंगावर फोड. जुने कुठले, आजचे कुठले, काय कळणार. ओवी जागी झाली आणि हसली. "दिदीला बरं वाटंना म्हणून मी आलतो."
मो. जा.नं तिला उचलून घेतलं. मी घेऊ दिलं.

भारतीला फोन केला. म्हणाली, घाबरू नका, पण पुढचे आठ-दहा दिवस ताप बघत राहा, जरा जरी वाटलं तरी थेट दवाखाना. आमचा थर्मामीटर गेल्या वर्षीच फुटलाय. आक्कांनी त्यांचा दिला. सानिकाचा ताप बघून झाला की भिंतीवर ठेवणार, ओवीचा बघून मी परत ठेवायचा.

ओवीचा आत्ता बघितला. नव्याण्णव. दुपारी उन्हातनं तिकडं गेली होती, त्यामुळंही असेल.