कामाले म्हातारी, मदतीले तरणी

उंद्री,
दि. ९ जानेवारी १९७३

चि. शंकर यास,
थोरली बहीण मनकर्णा हिचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघं जशी होतो तशीच हाओत. तुझे दाजी अजून बाजेवरच. डाव्या अंगात जीव नाही. घास भरवा लागते, कूस बदलून द्या लागते.

यंदा वावरात काहीच पिकलं नाही, तुले ठाऊक हाये. गावाजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. दाजीले शेजारच्या जनकाबाईच्या भरवशावर ठेवून मी पहिल्याच दिवशी गेली. मस्टर लिहिणाऱ्या कारकुनानं माझे पांढरे केस पाह्यले अन् म्हणाला, म्हाताऱ्या बायांले घेता येत नाही, तसा नियम हाये. मी म्हटलं, जलमभर निंदलं-खुरपलं तवा वय कोणी विचारलं नाही, आताच काऊन? त्यानं माझ्या मागच्या बाईले पुढं बलावलं.

ज्याइच्यानं काम होत नाही त्यांले सरकार फुकट धान्य देते असं ऐकलं, म्हणून ते वाटतात तिथं गेली. तिथला माणूस म्हणते, बाई, तुमी धडधाकट दिसता, तुमाले मदत कशाची?

तू सरकारी कचेरीत बसतं, मले एवढं सांग. एकच बाई सकाळी कामाले म्हातारी अन् दुपारी मदतीले तरणी कशी होते? अन् धन्याले मी दिवसभर उचलते-बसवते, त्या कामाले सरकार काय नाव देते?

भावजय आशाले आशीर्वाद. उत्तर नियमाचं नको, भावाचं दे.

मनकर्णा

चिखली,
दि. १४ जानेवारी १९७३

ती. सौ. मनकर्णाताईस,
धाकटा भाऊ शंकर याचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र आणि तिळगूळ तुमच्या गावच्या मोतीरामच्या हाती पाठवतो आहे. तिळगूळ खा, आणि जमलं तर त्या कारकुनाशीही गोड बोल.

तुझा राग वाजवी आहे. पण ताई, नियम असेल तर तो बिचारा काय करणार? तुझ्या अंगावर दरड कोसळली तर जाब त्यालाच विचारतील. या वयात टोपली उचलायची हौस कशाला? दाजींना घेऊन सरळ चिखलीला ये. आशाने पुढची खोली झाडून ठेवली आहे. लहानपणी विहिरीवर सगळ्या आळीशी भांडायचीस, आता सरकारशी भांडू नकोस.

रागावलीस तरी माया पातळ करू नये, ही विनंती.

तुझा
शंकर

उंद्री,
दि. २ फेब्रुवारी १९७३

चि. शंकर यास आशीर्वाद. वि. वि.

तिळगूळ खाल्ला. गोड बोलणं काही जमलं नाही.

हौस म्हणतं तू? मी काम मांगतलं, आसरा नाही मांगतला. तुझ्या पुढच्या खोलीत दोन पाहुणे किती दिवस गोड लागतील?

आता इकडची गोष्ट ऐक. कामावरच्या बाया लेकरं बाभळीखाली फडक्यावर टाकून माती वाहत. मी तिकडं सरपण वेचाले गेली होती. केसरबाईची पोर रांगत-रांगत मातीच्या गाडीखाली गेली. चाकापुढून मी ओढली म्हणून वाचली. तवापासून मी, जनकाबाई अन् सत्यभामाबाई, आम्ही तिघी म्हाताऱ्या सारी लेकरं सांभाळून राह्यलो. दाजीची बाजही तिथंच नेली. उजव्या हातानं ते लेकरांवरचे कावळे हाकलतात. बाया आपल्या भाकरीतली चतकोर आम्हाले देतात. सरकार काही देत नाही.

परवा मोठे साहेब आले. कारकुनानं आमच्याकडं बोट दाखवलं अन् सांगतलं, लेकरांची सोय केली हाये. साहेबानं शाबासकी देली, ती त्याले! मी उठली अन् विचारलं, सोय आमी केली तं मजुरी कोणाले? साहेब बघतो म्हणाले अन् जीपमध्ये बसले.

काल आम्ही तिघी लेकरं सांभाळाले गेलोच नाही. केसरबाईनं आपली पोर नेऊन कारकुनाच्या टेबलावर बसवली. मंग एकेक बाई आपलं लेकरू तिथंच ठेवत गेली. म्हाताऱ्यांची नावं लिहा, मंगच टोपली उचलू, असं त्यांनी सांगतलं. त्यानं साऱ्यांची हजेरी कापली. आमच्यापायी त्यांच्या चुली अडल्या, मले त्याचा घोर लागला हाये. पण एकही बाई मागं फिरली नाही.

त्यानं वर कागद पाठवला म्हणे, मनकर्णा नावाची बाई लोकांले भडकावते. तुझ्या कचेरीत आला तं ओळख दाखवू नको. तुझ्या नोकरीले डाग नको.

रागात असली तरी बहीणच,
मनकर्णा

चिखली,
दि. ८ फेब्रुवारी १९७३

ती. ताईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

तो कागद माझ्याच टेबलावर आला. मी तो घेऊन साहेबांकडे गेलो आणि ही माझी सख्खी बहीण आहे, असं आधी सांगितलं. मग म्हटलं, वयाचा तो नियम मला दाखवा. साहेबांनी कागद पाहिले, कचेरीतल्या आणखी दोघांना विचारलं. ताई, असा नियमच नाही! झेपेल ते हलकं काम म्हाताऱ्या माणसाला द्यायचं आहे, आणि कामावरची लेकरं सांभाळणं हेही कामच धरायचं आहे. त्या कारकुनाने जबाबदारी नको म्हणून नियम मनानेच रचला, आणि मीही तो न विचारता तुझ्या गळी उतरवत होतो. दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही.

तुम्हा तिघींची नावं लिहिण्याचा हुकूम निघाला आहे. बायांच्या कापलेल्या हजेरीवर मात्र साहेब गप्प आहेत. मी रोज विचारणार आहे. डाग पडायचा तर पडू दे.

खोली तशीच ठेवली आहे. पाहुणे म्हणून नको, माहेरी म्हणून ये.

तुझा
शंकर

उंद्री,
दि. १६ फेब्रुवारी १९७३

चि. शंकर यास पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दाजीले दोनदा वाचून दाखवलं. त्यांचं बोलणं उमजत नाही, पण हसले.

काल कारकून आमची नावं लिहाले बाभळीखाली आला. आता आवाज मऊ. म्हणाला, तिघींचंही वय पंचेचाळीस टाकतो, म्हणजे वरून कोणी विचारणार नाही. माझ्या अंगाची आग झाली. जनकाबाईचा धाकटा पोरगाच पन्नाशीचा हाये! मी म्हटलं, बासष्ट लिही, एक वर्ष कमी करू नको. म्हाताऱ्या बाईनं काम केलं हे सरकारच्या कागदावर दिसू दे. खोटं तरणं होऊन मले मजुरी नको. सत्यभामाबाईनंही आपलं खरं वय सांगतलं.

बायांची ती हजेरी बुडाली ती बुडालीच. ते भांडण बाकी हाये. तू तिकडून लढ, मी इकडून लढते.

जनकाबाईले आपलं वय ठाऊक नाही. तिनं काठी टेकून कारकुनाले सांगतलं, बाबू, तुले जितका मोठा आकडा लिहता येते तितका लिही.

सरकारशी भांडताना घरच्या मायेत कसर नको.

तुझी ताई
मनकर्णा