चहाची बाजू

ड्रमकॅरिग,
मंगळवार

प्रिय डिम्फ्नाताई,

आठवतं तुला, पत्त्यांच्या डावांची संध्याकाळ आटोपली होती आणि चर्चच्या हॉलमागच्या मोरीत तू कप विसळत होतीस, मी पुसत होते? तुझ्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या होत्या. मध्येच तू म्हणालीस, "ॲट्रॅक्टा, या गावातली माणसं दिवसभर नाटकं करतात, मग एखादं तिकीट लावून का करत नाहीत?" हसता हसता माझ्या हातून कप फुटला. आपल्या नाट्यमंडळाची स्थापना ती एवढीच. सभा नव्हती, ठराव नव्हता, फादर नव्हते, आणि फिंटन मल्हॉल तर नव्हताच नव्हता.

तुझा गुडघा कसा आहे? कॉव्हेंट्रीतल्या पायऱ्या जपून उतरत जा. तुझी मुलं फोन करतात ना? मी बरी आहे. म्हणजे रविवारी दुपारपर्यंत बरी होते. डॉक्टरांनी मला चिडायचं नाही असं बजावलंय, पण डॉक्टरांनी फिंटनची पुस्तिका वाचलेली नाही.

पुढच्या शुक्रवारी मंडळाला पन्नास वर्षं होतात. त्यानिमित्त फिंटनने मंडळाचा इतिहास लिहिलाय. (इतिहास म्हणायचं, आहे त्याचं आत्मचरित्र. मुखपृष्ठावर तो, आत तो, आणि जिथे तो नाही तिथे त्याची सही.) छापण्याआधी कमिटीला दाखवायला त्याने रविवारी बोलावलं. मी चष्मा पुसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मंडळ म्हणे त्याच्या "मनात अंकुरलं". ताई, तो तिसऱ्या वर्षी आला! तेही पाय मुरगळून हर्लिंगच्या संघातून काढला म्हणून, आणि पहिल्या नाटकात त्याला आपण झाडामागे उभं केलं होतं, कारण पुढे आला की तो प्रेक्षकांतल्या आईला हात करायचा. तुझं नाव कुठे असेल म्हणून शोधत गेले, तर शेवटी एक वाक्य सापडलं: "महिलावर्गाने चहाची बाजू समर्थपणे सांभाळली." बास. तू रंगवलेले पडदे, तू शिवलेले कोट, पाठ नसलेल्यांना तू विंगेतून पुरवलेली वाक्यं, सगळं त्या किटलीत बुडालं.

आणि घंटा! घंटेचं वाचून तर मी चष्मा काढून पुन्हा पुसला. महोत्सवातलं ते नाटक, मेलेला जमीनदार टेबलावर ठेवलाय आणि वाड्याची घंटा वाजते. आपली विजेची घंटा बिघडली, म्हणून तू सिस्टर इग्नेशियसना गळ घालून कॉन्व्हेंटची घंटा आणलीस आणि मोठ्या भक्तीने वाजवलीस: तीन ठोके, थांब, तीन ठोके, थांब, तीन ठोके. झालं! साडेआठ वाजलेत, प्रार्थना सहालाच होऊन गेलीय, याचं भान कुणाला? संध्याकाळच्या प्रार्थनेची ती तीन-तीन ठोक्यांची घंटा कानावर आली की या गावाचे गुडघे आपोआप सरळ होतात. अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. रंगमंचावरचा वकील, मोलकरीण, इस्टेटीचे वारस, सगळे माना खाली घालून पुटपुटायला लागले. मेलेला जमीनदार (आपला मॅलकी टूही, धंद्याने खाटीक, मन लोण्याचं) उठून बसला, छातीवर क्रूस काढला, प्रार्थना पुरी केली आणि पुन्हा मेला. विंगेत फिंटन "पडदा पाडा, पडदा पाडा, मेलो मी!" म्हणून नाचत होता, आणि तू पडद्याच्या दोरीवर बसून राहिलीस. तो इंग्रज परीक्षक बिचारा, ही इथली नाट्यकला समजून स्वतःही उभा राहिला. जिवंत, मृत आणि प्रेक्षक यांना एका मौनात बांधणारा असा विराम आपण जन्मात पाहिला नाही, असं म्हणाला आणि चषक दिला. आता इतिहासात काय छापतायत? "दिग्दर्शक मल्हॉल यांनी योजलेला सुप्रसिद्ध विराम"!

मी विचारलं, "फिंटन, डिम्फ्नाचं नाव कुठंय?"

"अगं, जागाच उरली नाही बघ. आणि ती तर कधीच इंग्लंडला गेली."

"घंटा तिने वाजवली होती."

"तू पण ना, ॲट्रॅक्टा! हयात माणसांची नावं घालायला लागलं की एकाला राग, दुसऱ्याला रुसवा. मेलेल्यांचं बरं असतं. त्यांना मी एकेक अख्खं पान दिलंय, फोटोसकट. कुण्णाची तक्रार नाही."

मॅलकीला खरंच एक पान आहे, देव त्याला शांती देवो, आणि त्याच्या मिशीवर आणखी अर्धं. कप तसेच मोरीत टाकले (पन्नास वर्षांत पहिल्यांदा) आणि घरी आले. रागाने माझ्या टोपीची पिन सापडेना.

जिवाला जप. माझं म्हणणं एवढंच होतं.

तुझी,
ॲट्रॅक्टा

ता. क. सोमवारी सकाळी मी फिंटनला फोन केला आणि म्हणाले, "आपली डिम्फ्ना आता आपल्यात नाही." यात खोटं काय आहे? तू कॉव्हेंट्रीत आहेस. सिस्टर इग्नेशियस म्हणायच्या, खोटं बोलणं पाप आहे, पण समोरच्याने चुकीचं ऐकलं तर ते त्याचं पाप. फिंटन फोनवर ढसाढसा रडला आणि दुपारपर्यंत पान लिहून घेऊन आला. "मंडळाची जन्मदात्री" म्हणतो तुला. घंटाही तुझी, दोरीही तुझी. इतकं सुंदर लिहिलंय की मीही रडले, आणि त्यामुळे त्याची खात्रीच पटली. गुरुवारी छापून होईल. तोवर गावात कुणालाही फोन करू नकोस.

ता. क. आणखी एक. शुक्रवारी सातच्या आत ये. आता तुला यावंच लागेल, कारण तुझ्या दुखवट्याला गावाने आणलेल्या वस्तूंनी घरात पाय ठेवायला जागा नाही. मॅलकीच्या बायकोने, ब्रीडाने, अख्खा उकडलेला हॅम आणलाय, तो तिला परत. ॲपल-पाय शेजारच्या हेगार्टींचे, ताटल्यांसकट परत. पांढरी फुलं चर्चला. फिंटनच्या बायकोचा फळांचा केक मी कापला, त्याला इलाज नाही. पण तुझ्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना म्हणवून घेतल्याची कार्डं ढीगभर आली आहेत, ती मात्र कुणाला परत करायची नाहीत. कधी ना कधी लागतीलच. निम्मी तुला, निम्मी मला.